भारद्वाजाच्या गळ्यातली कडी

एका राज्यात पुरंजय नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या दरबारात सोन्याच्या दांडीवर पंचधातूचा एक भारद्वाज पक्षी बसलेला असे. त्याचे डोळे माणकांचे होते आणि त्याला माणसासारखी वाचा होती. युद्ध करावे की तह करावा, बंधारा कुठे घालावा, सेनापती कोणाला नेमावे, हे तो एका शब्दात सांगे. कारण मात्र त्याला सांगता येत नसे. त्याच्या गळ्यात तांब्याची कडी होती, आणि प्रत्येक कारण त्या कडीपाशी येऊन अडे.

पुढे प्रजाही त्याच्याकडे येऊ लागली. कुंभार विचारी, माती कुठली आणू? आई विचारी, बाळाचे नाव काय ठेवू? पक्षी सांगे आणि लोक तसे करीत. जो असे करी त्याची बोटे लाकडाची होत. आधी करंगळी, मग पंजा, मग कोपरापर्यंत हात. राजाचे तर दोन्ही हात खांद्यापर्यंत शिसवी झाले होते. त्याची कन्या हेमांगदा त्याला घास भरवीत असे.

एके सकाळी हेमांगदेने पक्ष्याला सहज विचारले, "आज मोती घालू की पोवळी?"

"पोवळी," पक्षी म्हणाला.

तिने पोवळी घातली. मग आरशाची चौकट धरायला गेली, तर लाकडावर लाकूड वाजले. तिची करंगळी कडक झाली होती. तिने ते बोट पक्ष्यापुढे धरले. मग तिने विचारले, "हा शाप उतरतो का?"

"उतरतो."

"कोण उतरवील?"

"ज्याने मला घडवले तो. मायावी कपालकेतू."

त्याच दिवशी पक्ष्याला खांद्यावर घेऊन ती निघाली. अरण्य ओलांडले, काळे सरोवर ओलांडले, आणि ती कपालकेतूच्या डोंगराशी पोहोचली. तो उन्हात बसून भट्टीसाठी कोळसा फोडीत होता.

"शाप उतरायला आधी ही कडी निघायला हवी, आणि त्यासाठी तीन कामे करावी लागतील," तो म्हणाला. "पक्षी सोबत राहील. त्याचे ऐकावे की नाही, हे तुझे तू पाहा."

पहिले काम, विषाच्या झऱ्यांतून गोड झरा ओळखून त्याचे पाणी पिण्याचे. सारे झरे दिसायला सारखेच होते. "डावीकडचा," पक्षी म्हणाला. हेमांगदेने त्या झऱ्याचे थेंब एका पानावर टाकले, बाकीच्यांचेही टाकले. इतर पाने करपली, ते पान हिरवेच राहिले. मग ती ओंजळभर पाणी प्यायली.

दुसरे काम, दगडी फुलांच्या बागेतून एकमेव जिवंत फूल आणण्याचे. "पांढरे," पक्षी म्हणाला. हेमांगदा पांढऱ्या फुलाजवळ वाकली. वास आला नाही. कोपऱ्यातल्या पिवळ्या फुलाला मात्र मंद वास होता.

"भारद्वाजा, तुला वास येतो का?"

"नाही."

"मग आज तुझे ऐकत नाही," असे म्हणून तिने पिवळे फूल खुडले. देठातून चीक गळला. पक्षी रागावला नाही. ती पुढे चालू लागली तेव्हा तो पूर्वीसारखाच तिच्या खांद्यावर येऊन बसला.

तिसरे काम, दरीवरचा अदृश्य पूल ओलांडण्याचे. पूल पक्ष्याला दिसत होता, तिला नाही.

"मी थांब म्हटले की थांबशील?" तिने विचारले.

"थांबेन."

पक्षी पुढे उडत "टाक" म्हणे आणि ती पाऊल टाकी. मध्यावर तिच्या तळव्याखाली फळी कुरकुरली. "थांब," ती म्हणाली. पक्षी हवेत जागच्या जागी थांबला. तिने पायाने फळी चाचपली. ती कुजलेली होती. "पुढची किती लांब?" तिने विचारले. "हातभर," पक्षी म्हणाला. तिने तेवढी ढांग टाकली, उरलेल्या फळ्या तशाच चाचपत ओलांडल्या आणि ती पलीकडे उतरली.

तिथे कपालकेतू पक्कड घेऊन उभाच होता. त्याने कडी तोडली.

"ही घातलीसच कशाला?" हेमांगदेने विचारले.

"तुझ्या पित्याने मागितली म्हणून. कारण ऐकले की मंत्री वाद घालतात, प्रजा नाही म्हणते. त्याला ते नको होते. हात लाकडाचे होतील, हे मी सांगितले होते. तो म्हणाला, चालेल. आता कडी गेली, पण हात ज्याचे त्याने सोडवायचे."

हेमांगदा पक्ष्याला घेऊन परतली. दरबारात शिरताच तिने पित्याला विचारले, "बाबा, कडी तुम्ही मागितली होती?"

राजाने मान खाली घातली. "हो. मी थकलो होतो, बाळ."

तेवढ्यात गावकरी विचारायला आले, नवी विहीर कुठे खणावी? सवयीने सारे पक्ष्याकडे वळले.

"टेकडीच्या उत्तरेला," पक्षी म्हणाला.

राजा सिंहासनावरून पुढे झुकला. मग म्हणाला, "का?"

"तिथे उंबर वाढले आहेत आणि वारुळे ओली आहेत. खाली खडक किती, ते मात्र मला ठाऊक नाही."

"उत्तरेला मेंढ्या चरतात," राजा म्हणाला. "दक्षिणेला खणा."

त्याच्या उजव्या हाताची शिसवी साल तडकली आणि आतून पाच बोटे निघाली. हेमांगदेने तो हात दोन्ही हातांत धरला. तो गरम होता.

दक्षिणेला खणले, तर पाणी खारट लागले. दरबारी लोक पक्ष्याकडे चोरून पाहू लागले.

"चूक माझी," राजा म्हणाला. "धनगरांना बोलवा. कुरण कुठे हलवता येईल ते त्यांनाच विचारू. मग उत्तरेला खणू." हे बोलता बोलता त्याचा डावा हातही मोकळा झाला.

धनगर आले. त्यांनी तासभर हुज्जत घातली, पक्ष्यालाही दोनदा खोडून काढले, आणि अखेर कुरणासाठी ओढ्याकाठची जागा पसंत केली. त्यांच्यातल्या एका म्हातारीचा लाकडी हात हुज्जतीच्या भरात मोकळा झाला, तिच्या ध्यानातही आले नाही. पुढे घरोघरी तसेच होत गेले. ज्याने त्याने पक्ष्याला "का?" म्हणून विचारावे, पटले तर करावे, न पटले तर सोडावे. हेमांगदेची करंगळी तर बागेत पिवळे फूल खुडतानाच मोकळी झाली होती.

उत्तरेला गोडे पाणी लागले. पहिला पोहरा राजाने स्वतः ओढला. तळहाताला फोड आले, ते तो दिवसभर ज्याला त्याला दाखवीत होता.