कानात सांगितलेलं उत्तर

एका शहरात एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. रक्तपेढीतली कोणती पिशवी कुठल्या कपाटात आहे, ती तपासलेली आहे की नाही, हे पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम तिथली मंडळी सांभाळत. अडलंनडलं विचारायला त्यांनी फोनवर एक ग्रुप केला होता. पण ग्रुपवर प्रश्न टाकायची सोय नव्हती. कुणी काही विचारलं, की हेरंब नावाचा टवाळ गडी लगेच लिहायचा, "अरे, हे तर बालवाडीत शिकवतात!" मग सगळे हसून घ्यायचे.

झालं काय, की ग्रुपवर उरल्या फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा. खरे प्रश्न जो तो विश्रामदादाला एकट्याला गाठून विचारू लागला. विश्रामदादा सगळ्यांत जुना आणि स्वभावाने गरीब. तो उत्तर देई आणि ते उत्तर त्या दोघांतच राही. सुमेधाही अशीच गुपचूप विचारणारी. हसं होण्याची तिला भारी धास्ती.

एका सकाळी एका कपाटाच्या नोंदी पडद्यावरून नाहीशा झाल्या. रक्तपेढीतून गायकवाडबाईंचा फोन आला.

"अहो, बाळंतीण टेबलावर आहे, रक्त थांबत नाहीये. तिच्या गटाच्या पिशव्या त्याच कपाटात आहेत. पण तपासलेल्या कुठल्या, ते दिसेना. अंदाजानं कशी देऊ?"

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. विश्रामदादा विमानात होता, त्याचा फोन बंद.

ही अडचण सुमेधाच्या ओळखीची होती. मागे तिच्याच हातून असं झालं होतं आणि दादाने दिलेलं उत्तर तिच्या फोनात होतं. पण त्या उत्तराच्या वर तिने स्वतः लिहिलं होतं, "दादा, नोंदी भरायचं काम चुकून दोनदा सुरू केलं. कुणाला सांगू नकोस रे." हे ग्रुपवर टाकायचं? त्यापेक्षा धरणीने पोटात घेतलं तर बरं! तिने दादाचं शेवटचं वाक्य तेवढं उचललं आणि ग्रुपवर टाकलं, "प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करा."

हेरंबने तसं केलं. एक कपाट दिसत नव्हतं, आता सगळीच दिसेनाशी झाली.

"अहो, काय केलंत हे?" फोनवर गायकवाडबाईंचा आवाज चिरकला. "होतं तेही गेलं!"

अर्धं उत्तर देऊन आपण कुणाच्या तरी जिवाशी खेळतोय, हे सुमेधाला लख्ख कळलं. हसं होण्याची भीती अजून होतीच, पण या भीतीपुढे ती चिलटाएवढी वाटली. तिने दादाशी झालेलं सगळं बोलणं, स्वतःच्या चुकीसकट, ग्रुपवर टाकलं. त्यात दादाचं पहिलं वाक्य होतं, "आधी दुसऱ्यांदा सुरू केलेलं काम थांबव. ते न थांबवता प्रोग्राम चालू केलास, तर उरलंसुरलंही जाईल."

हेरंबचा चेहरा पांढराफटक पडला.

"आज सकाळी मीही ते काम दोनदा सुरू केलं," तो पुटपुटला. "बोललो नाही. तुम्ही हसाल म्हणून."

त्याने घाईघाईने ते काम थांबवलं आणि प्रोग्राम पुन्हा चालू केला. नोंदी परत आल्या, पिशवी रवाना झाली. बाळंतीण वाचल्याचा फोन येईपर्यंत कुणी घोटभर पाणीसुद्धा प्यायलं नाही. फोन आला तेव्हा सुमेधा टेबलावर डोकं टेकून रडली.

दुसऱ्या दिवसापासून जो तो विश्रामदादाशी केलेलं आपापलं बोलणं शोधून, प्रश्नासकट आणि चुकीसकट, ग्रुपवर मांडू लागला. पहिला प्रश्न हेरंबचा होता, आणि तो खरोखरच बालवाडीतला होता. पण कुणी हसलं नाही.

तात्पर्य: हसतील म्हणून कानात विचारून घेतलेलं उत्तर एकाच्याच कामी येतं, चुकीसकट चारचौघांत मांडलेलं उत्तर वेळेला सगळ्यांना तारतं.