टिटवीचं पहिलं वाक्य

एखाद्याला नीट बोलता आलं नाही, की तुम्ही त्याचं दुःखच खोटं ठरवता. ही खोड फार जुनी. एका माळावर म्हशी टिटवीची अंडी तुडवत. जनावरांच्या सभेत तक्रार मांडताना टिटवी नुसतीच किंचाळली आणि म्हशी हसल्या.

नवी अंडी तरी वाचावीत म्हणून ती रोज शेळीसमोर बोलायचा सराव करू लागली. शेळी आपली रवंथ करत बसे. कोणत्या वाक्याला हिचं तोंड थांबेल, याचंच टिटवीला कुतूहल. तिने रडून पाहिलं, रागावून पाहिलं, तोंड चालूच. एकदा ती सावकाश म्हणाली, “तुम्हाला जे दगड वाटतात, ती माझी अंडी आहेत.” रवंथ थांबला.

पुढच्या सभेत तिने तिथूनच सुरुवात केली. सगळ्या म्हशी खाली बघू लागल्या. एक म्हातारी म्हैस पाय उचलून म्हणाली, “बाई, आता हा कुठे ठेवू, तेवढं सांग.”