बिनवायरीचा फ्लॅश

अंतरपाट सरायला दोनच मंगलाष्टकं उरली होती आणि नवरीचे मामा दौलतराव फ्लॅशचा स्टँड उचलायला निघाले होते.

"कॅमेरा तिकडे, हा इकडे, मधे वायर नाही. पेटणार कसा? फसवतोस आम्हाला?"

फोटोग्राफर वसंता तांबटाने तिसऱ्यांदा सांगितलं, "मामा, कॅमेऱ्यावरचं यंत्र त्याला इशारा करतं. हा फोटो हुकला तर पुन्हा मिळायचा नाही."

"वायरीशिवाय इशारा पोचतो होय रे?"

वसंता पुरता वैतागला. "मघाशी तुम्ही इथून डोळे वटारलेत, तेव्हा मांडवाच्या त्या टोकाला तुमच्या जावयाच्या हातून अक्षतांचं ताट पडलं. तेव्हा कुठली वायर जोडली होती?"

सगळा मांडव हसला. मामांनी स्टँड सोडला. अंतरपाट सरला आणि फ्लॅश लखकन पेटला.

फोटोत नवरा-नवरी हसताहेत. मागे मामा मात्र डोळे वटारून उभे आहेत, आणि जावयाने ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलंय.