नानांची अंगठी

हर्णैच्या खाऱ्या वाऱ्यात सायलेन्सरचे नट गंजून जाम होतात. म्हणून माझा दादा भिकाजी ते बसवताना अँटी-सीझचा चंदेरी, बुळबुळीत लेप लावायचा. चाकांचे नट मात्र कोरडेच ठेवायचा.

शाळेच्या बसचे मालक नाना खेडेकर. आमच्या गॅरेजची जागाही त्यांचीच. एकदा ते चार माणसांसमोर गरजले, "भिक्या, चाकांनाच कंजुषी का रे? आजच्या आज लेप लाव, नाहीतर जागा खाली कर!"

मी चिडून पाना घेऊनच उठलो. दादाने मला खाली बसवलं आणि नानांच्या सुजलेल्या बोटाकडे पाहिलं.

"नाना, ही अंगठी निघत नाही वाटतं?"

"सासऱ्यांनी दिलेली. लहान होती, साबण लावून घातली."

"आणि साबण नसता तर?"

"अर्ध्यावरच अडली असती!"

"मग झालं तर. लेप लावला की चाकाचा नटही तेवढ्याच जोरात नको तितका आवळला जातो. तुमचं बोट नुसतं सुजलं, बोल्ट ताणला जाऊन तुटतो. आणि बसमध्ये पोरं असतात, नाना."

माणसं हसली. नानांनी हात खिशात घातला.

"करवत आणू का? अंगठीपुरतीच," दादा हळूच म्हणाला.

पुढे दादा वारला, तेव्हा नाना भेटायला आले. बोटात अंगठी नव्हती, नुसता पांढरा वळ होता. उठताना म्हणाले, "चाकं कोरडीच ठेव हो, बाळा."

मला एकदम हसू फुटलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.