शेवटच्या रांगेतला दरबार

मोरगिरीच्या दुर्जयराजांना सातासमुद्रापलीकडे लेकीकडे बारशाला जायचं होतं, आणि त्या लांबलचक प्रवासात विमानातली सगळ्यात उत्तम जागा हवी होती. राजाच्या गोष्टीत विमान कुठून आलं, असं ज्याला विचारायचंय त्याने खुशाल दुसरीकडे जाऊन गोष्ट ऐकावी.

दरबारात हुशार माणसं भरपूर, तेव्हा काम रखडणार हे ठरलेलंच. सेनापती म्हणाले, पुढची जागा घ्यावी, पळायला दार जवळ पडतं. राजज्योतिषी म्हणाले, पूर्वेकडची खिडकी. विमान वळलं की त्या खिडकीची पूर्व कुठे जाते, ते त्यांनी सांगितलं नाही. प्रधान दादोपंतांनी समिती नेमली. समितीने महिनाभर बासुंदी ओरपली आणि तेवढ्यात प्रत्येकाने स्वतःची सोय बिनबोभाट उरकून घेतली. खिडक्या गेल्या, पाय पसरायच्या जागा गेल्या. राजांसाठी उरली एकच जागा, अगदी शेवटच्या रांगेत. खिडकी नाही, पाठ मागे कलत नाही, आणि पाठीमागे संडास!

दादोपंतांनी घाम पुसत स्वतःची खिडकी देऊ केली. राजे कडाडले, "तुमचं नाव लागलेली जागा? मी काय उष्ट्या ताटावर बसू?"

उष्टं खायचं नाही हा राजांचा नेम होता. तो आता खुर्च्यांनाही लागू झाला. दादोपंतांनी चेहरा पाडला, पण मनातून त्यांना हायसंच वाटलं.

आता हे झेंगट कुणाच्या तरी गळ्यात मारायला हवं होतं. राजवाड्यातल्या पंगतींना पाट मांडणारी भिवरा प्रवासात बरोबर जाणारच होती, कारण राजांना मेतकूट-भात तिच्याच हातचा लागे. दादोपंत म्हणाले, ही एवढ्या मानकऱ्यांना रोज रुसू न देता बसवते, हिलाच सांगा.

भिवराचा बाप सखोबा राजांचा माहूत. बिचारा वर्षभर तुरुंगात होता. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याने राजांना हत्तीवरची उत्तम जागा दिली आणि नेमका हत्ती शिंकला. राजे खाली शेणात पडले. हत्तीला शिक्षा करायची कुणाची छाती नव्हती.

राजे भिवराला म्हणाले, "उरलेली जागा विमानातली सगळ्यात उत्तम करून दाखव. बाप सुटेल. नाही जमलं, तर त्याच्या शेजारची कोठडी तुझी."

भिवराने शांतपणे विचारलं, "उत्तम जागा ओळखायची कशी, महाराज?"

"जिच्यासाठी बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटेल, ती!"

"मग आपण फक्त बसा," भिवरा म्हणाली.

राजे बसले, पण धुसफुसतच. जेवण पुढून वाढत आलं आणि त्यांच्यापर्यंत सगळ्यांत शेवटी पोचलं. राजांच्या मिशा थरथरायला लागल्या. शेजारी नोकरासाठी राखलेल्या जागेवरून भिवरा हळूच म्हणाली, की सगळ्यांचं जेवण झाल्यावर कोण जेवतं? यजमानच ना? राजांनी मागून त्या सगळ्या डोक्यांकडे पाहिलं. एवढी मंडळी आपल्याच पंगतीला जेवताहेत, असं त्यांना वाटू लागलं आणि भात गोड लागला.

पुढच्या मंडळींनी मात्र फुकटचं सरबत पोटाला तडस लागेपर्यंत ढोसलं होतं. ते जायचं कुठे? पहिले सेनापती मागे आले. संडासात आधीच कुणीतरी, दाराला आतून कडी! राजांच्या पुढ्यात नुसतं उभं कसं राहणार? त्यांनी लवून मुजरा केला. त्यांच्यामागे ज्योतिषी, ज्योतिष्यांमागे एक अनोळखी शेठजी, शेठजींमागे दोन गोरे साहेब. दरबारात तीनदा हाक मारावी लागणारी माणसं इथे न बोलावता रांग लावून उभी होती.

भिवराने राजांना सुचवलं, एकेकाला जवळ बोलवा, काहीबाही विचारा, पण अगदी कानात. राजांनी सेनापतींच्या मूळव्याधीची विचारपूस केली. सेनापती लाल होऊन पुढे गेले. राजांशी एवढं काय बोलणं झालं, म्हणून दादोपंतांनी खोदून विचारलं, तर म्हणाले, "सांगण्यासारखं नाही."

झालं! पंत मान वळवून सारखे मागे बघू लागले. खिडकीतून ढग दिसत होते, पण ढगांशी कारस्थान थोडंच करता येतं? ते गरज नसताना मागे आले. पुन्हा आले. दर वेळी भिवरा म्हणे, "पंत, रांगेतून या." शेवटी त्यांनी हातच जोडले.

"महाराज, परतीला ही जागा मला द्या. माझी खिडकी कुणीही घेवो."

राजांनी भिवराकडे पाहिलं.

"सुटलं का पाणी, महाराज?" भिवराने विचारलं.

विमान उतरताच सखोबाला सोडायचा हुकूम मोरगिरीला गेला. भिवराने पदराने डोळे पुसले आणि बारशाचे पाट मांडायला घेतले.

परतीच्या दिवशी तिकिटांसाठी उजाडताच दरबाऱ्यांची झोंबाझोंबी झाली. सगळ्यांना मागच्याच जागा हव्या होत्या. शेवटची दादोपंतांनी पटकावली. राजांसाठी उरली ती एकच, अगदी पहिली. खिडकी होती, पाय पसरायला ऐसपैस जागा होती, आणि तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. राजे शाल ओढून छान झोपले.

जागे झाल्यावर त्यांनी मागे पाहिलं. दादोपंत ताठ बसले होते. जेवण अजून त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. रांगेतल्या प्रत्येकाचा गुडघा त्यांना लागत होता, आणि त्यांना मुजरा कोण करणार?

राजांनी भिवराला बोलावलं. "खरं सांग, ती जागा उत्तम होती का?"

"ते मी कशाला सांगू, महाराज? आपलं उष्टं पंतांनी हौसेने वाढून घेतलंय. चव त्यांनाच विचारा!"

राजे इतके हसले, की पहिली अख्खी रांग दचकली. मोरगिरीला पोचताच त्यांनी सखोबाला हत्ती परत दिला, आणि दरबारात कोण कुठे बसणार हे ठरवायचा मान भिवराला दिला. तेव्हापासून दादोपंत दाराजवळ बसतात.