कधीही भरून न निघणारी पोकळी

शोकसभा घ्यायला माणसं पाखरांकडून शिकली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. बेहड्याच्या रानात म्हातारे सुतारकाका वारले. सुतारपक्षीच ते. रानातल्या निम्म्या ढोल्या त्यांच्या चोचीच्या.

दुसऱ्याच दिवशी शोकसभा भरली. बोलायला अर्थातच राघूअण्णा पोपट उठले. पंखानं डोळे पुसत ते म्हणाले, "काकांच्या जाण्यानं आपल्या रानात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे!"

मागच्या फांदीवर पेंगणारा पिंगळा खाडकन जागा झाला. त्याची पिंगळी अंडी घालायला आली होती आणि पंधरा दिवस ढोली शोधून दोघं टेकीला आली होती.

"अण्णा, केवढी आहे हो ती?" त्यानं विचारलं.

"अथांग!"

"एवढी नको. दोघांपुरती असली तरी चालेल. पाऊस आत येतो का?"

सभेत खसखस पिकली. राघूअण्णा कडाडले, "अरे गाढवा, ही पोकळी मनातली! तिथं राहायचं नसतं!"

"मग काकांची स्वतःची ढोली?" शेजारी बसलेल्या पिंगळीनं हळूच विचारलं. "ती तर रिकामी झाली असेल ना?"

राघूअण्णांना एकाएकी ठसका लागला.

दोघं थेट काकांच्या ढोलीशी गेली. आतून राघूअण्णांच्या बायकोनं डोकं बाहेर काढलं. "कोण पाहिजे? हे शोकसभेला गेलेत. आम्ही कालच इथं राहायला आलो."

"काही नाही, वहिनी," पिंगळा म्हणाला. "अण्णांना एवढंच सांगा, पोकळी भरली."