भांडंभर पाण्याची फिर्याद

शपथेवर सांगतो, ही गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली. आता ती अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये घडली, तेव्हा डोळे माझे नसतील. पण गोष्ट खरी.

तिथे मिकोस नावाचा गुत्तेवाला होता. त्याच्या गुत्त्यात गिऱ्हाइकं क्लिओदेमोस पुढाऱ्याच्या भाषणांच्या नकला करत. ते पुढाऱ्याला झोंबलं आणि त्याने फिर्याद ठोकली: मिकोस दारूत पाणी घालतो, त्याला शहराबाहेर हाकला!

अथेन्सच्या न्यायालयात फिर्यादी आणि आरोपी, दोघांना बोलायला एकेक भांडं पाणी मिळे. तोटीतून पाणी गळून संपलं की बोलणं बंद. क्लिओदेमोसने पूर्वजांपासून सुरुवात केली, देवांना साक्षीला बोलावलं, जुन्या लढाया पुन्हा जिंकल्या आणि अगदी शेवटच्या थेंबाला म्हणाला, "हा माणूस दारूत पाणी घालतो!"

मिकोस उठला. "घालतो, पंचहो. आपण सगळेच घालतो; निव्वळ दारू रानटी लोक पितात. प्रश्न एवढाच, की पाणी किती? मी दोन पेले दारूत तीन पेले पाणी घालतो. क्लिओदेमोसरावांनी आत्ता तुमच्यासमोर थेंबभर दारूत भांडंभर पाणी घातलं. हाकलायचं कुणाला, ते तुम्हीच ठरवा. आणि माझ्या भांड्यात उरलेलं पाणी त्यांनाच द्या, पुढच्या भाषणाला लागेल."

पंच पोट धरून हसले आणि मिकोस सुटला. क्लिओदेमोसने कानाला खडा लावला आणि पुढे जन्मभर तो थोडक्यात बोलला.

हे शेवटचं वाक्य मात्र मी पदरचं घातलं. असा पुढारी अथेन्समध्येही झाला नाही.